एकाच बांधणीत पुरा जॉब

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी वक्ता नव्हे. कोल्हापुरात लहानसे मशीन शॉप चालवणारा मी एक टर्नरचा मुलगा आहे. मुख्याध्यापकांनी मला बोलावणे पाठवले तेव्हा मी त्यांना म्हटले, "सर, मला लोखंडाशिवाय दुसऱ्या कशावर बोलता येत नाही." ते म्हणाले, "मग लोखंडावरच बोला." तेव्हा आज मी आपणापुढे एका यंत्राची हकिगत सांगणार आहे. ती ऐकताना आपल्या मुलांच्या शाळेचा विचार आपल्या मनात आपोआप येईल, म्हणून मी तो मुद्दाम वेगळा सांगत बसणार नाही.

ज्या गावात शाहू महाराजांनी १९०६ साली आपल्या मुलांसाठी बोर्डिंगची सोय केली, त्या गावात आजही मला दर जून महिन्यात एखादे वडील भेटतात आणि म्हणतात, "भाई, पोरगा आठवी झालाय. अभ्यासात मन नाही. तुमच्याकडे मशीनवर उभा करा, हातात हुन्नर येईल." पूर्वी माझे वडील अशा मुलाला ठेवून घेत. ते स्वतः सातवी होते. १९७८ साली त्यांनी एक जुने लेथ घेऊन भाड्याच्या पत्र्याच्या खोलीत काम सुरू केले. फौंड्रीतून आलेली कास्टिंगे, ऑइल इंजिनांचे भाग, पंपांचे शाफ्ट असा जॉबवर्क असे. अब्बांच्या हाताला थाऊ कळत असे. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, म्हणजे सुमारे २५ मायक्रॉन. बोटाने चाचपून ते म्हणत, "अजून दोन थाऊ आहे," आणि मायक्रोमीटर लावला तर तितकेच निघे. त्या काळी ही विद्या पुरत होती. आता मी आठवी झालेल्या मुलाला परत पाठवतो. मी का परत पाठवतो, हे त्या वडिलांना दारात उभ्या उभ्या सांगता येत नाही. आज इथे सांगतो.

पूर्वी एक जॉब कसा होई ते पाहा. हायड्रॉलिक जोडणीचा एक कनेक्टर घ्या. एका बाजूला आटे, मध्ये पाना लावण्यासाठी षट्कोन, त्याच्या शेजारी मोठी कॉलर, आडवे एक भोक, आणि मागच्या बाजूने आतून बोअर. (षट्कोनी बारच का घेत नाही, असे येथे बसलेला एखादा कारखानदार विचारील. कॉलर षट्कोनापेक्षा मोठी आहे, म्हणून गोल बारच घ्यावा लागतो.) आधी बार कापायचा. मग लेथवर एक बाजू. मग उलटा बांधून दुसरी बाजू. मग मिलिंग मशीनवर षट्कोन. मग ड्रिलिंगवर आडवे भोक. मग टॅपिंग. शेवटी एका मुलाने कानशीने बर काढायची. कापण्याचा खरा वेळ सगळा मिळून एका नगाला १९ मिनिटे होता. पण दोनशे नगांची ऑर्डर पुरी व्हायला आमच्याकडे दोन आठवडे सहज लागत. कारण जॉब कापला जात नसे त्या वेळी तो प्लास्टिकच्या क्रेटमध्ये पडून पुढच्या मशीनची वाट बघत असे. आमच्या शॉपमध्ये माणसांपेक्षा क्रेटांना जास्त जागा लागे.

दुसरी गोष्ट अचूकपणाची. जॉब चकमधून सोडला आणि पुन्हा बांधला की तो अगदी पूर्वीच्याच मध्यावर बसत नाही. तीन जबड्यांच्या साध्या चकमध्ये दोन-तीन थाऊ इकडेतिकडे होतातच. चार वेळा बांधला की चार वेळची चूक त्यात साठते. कारागीर चांगला असेल तर तो डायल लावून जॉब मध्यावर आणतो, पण त्याला वेळ लागतो, आणि दोनशे नगांना दोनशे वेळा डायल लावणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही.

आता हे नवे यंत्र. त्याला मल्टिटास्किंग म्हणतात, आमच्याकडे टर्न-मिल म्हणतात. त्यात लेथ आहे, मिलिंग आहे, ड्रिलिंग आहे. साध्या लेथवर जॉब फिरतो आणि टूल स्थिर असते. येथे टूलही फिरू शकते. शिवाय मुख्य स्पिंडल नुसते गरगर फिरत नाही, तर सांगितलेल्या अंशावर थांबते, साठ अंश म्हटले की बरोबर साठ अंश. समोर दुसरे स्पिंडल असते. पहिल्या बाजूचे काम संपले की ते दुसरे स्पिंडल पुढे येते, दोन्ही एकाच वेगाने फिरत असताना जॉब धरते, बार कापला जातो, आणि मागच्या बाजूचे काम सुरू होते. मागून बार-फीडर नवा बार पुढे सारतो. आमचा तो कनेक्टर एका बाजूने बार म्हणून जातो आणि नऊ मिनिटांनी तयार होऊन बाहेर पडतो. मध्ये क्रेट नाही, डायल नाही.

स्वयंचलित यंत्र ही काही आजची गोष्ट नव्हे. अमेरिकेत ख्रिस्तोफर स्पेन्सर याने १८७३ साली स्वयंचलित लेथ बनवले. त्यात कॅम असे, आणि कॅमचा आकार हाच त्या यंत्राचा हुकूम. आपल्याकडे ज्याला सरसकट ट्रॉब मशीन म्हणतात ते याच जातीचे. पण जॉब बदलला की कॅम बदला, आणि त्यात दिवस जाई. म्हणून हजारो नग एकसारखे असतील तरच ते परवडे. १९५२ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवरील आकड्यांनी चालणारे मिलिंग मशीन दाखवले गेले. कॅमची जागा आकड्यांनी घेतली. पुढे फितीच्या जागी संगणक आला, त्यालाच आपण सीएनसी म्हणतो. आकडे बदलले की जॉब बदलला. लहान शॉपला हे यंत्र उपयोगी पडते ते याच कारणाने. आमच्याकडे पन्नास, शंभर, दोनशे अशाच ऑर्डरी येतात.

विद्यार्थी मित्रहो, हा आकडा येतो कोठून? ड्रॉइंगवर लिहिलेले असते: षट्कोन, समोरासमोरच्या सपाट बाजूंत २४ मिलिमीटर. एवढेच. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत किती, ते लिहिलेले नसते. पण मिलिंगच्या आधी तो भाग किती व्यासाचा टर्न करून ठेवायचा, हे मला कळले पाहिजे. २७ केला तर कोपरे बोथट राहतात. ४० चाच ठेवला तर कटर उगाच माती खातो आणि वेळ जातो. म्हणून २४ भागिले कोसाइन ३०. उत्तर २७.७१. हे गणित तुमच्या दहावीच्या पुस्तकातील त्रिकोणमितीच्या धड्यात आहे. मी स्वतः तो धडा परीक्षेपुरता पाठ केला होता आणि दुसऱ्या दिवशी विसरलो होतो. वयाच्या पस्तिसाव्या वर्षी मी माझ्या मुलीचे पुस्तक घेऊन तो पुन्हा शिकलो. मुलगी हसत होती, पण तिने शिकवले.

आम्ही २००६ साली पहिले साधे सीएनसी लेथ घेतले आणि २०१८ साली हे टर्न-मिल. घेताना घरात मोठा वाद झाला. अब्बा म्हणाले, "इतक्या पैशांत दहा लेथ येतील, दहा घरे चालतील." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. यंत्र विकणारा गृहस्थ आपणास फक्त नऊ मिनिटे दाखवतो. बाकीचा हिशेब आपण करायचा असतो. तो असा. समजा यंत्राची किंमत ७० लाख, आणि ते सात वर्षांत वसूल करायचे. म्हणजे वर्षाला १० लाख. वर्षाचे तीनशे दिवस, दिवसाला आठ तास, म्हणजे २४०० तास. पण यंत्र त्यातील शंभर टक्के वेळ कापत नाही. सेटिंग, टूल बदलणे, मोजमाप, वीज जाणे हे सगळे धरून साठ टक्के कापले तर १४४० तास. दहा लाखांना १४४० ने भागा, तासाला ६९४ रुपये नुसती यंत्राची झीज. यात व्याज, वीज, टूल आणि पगार नाहीत. दोन पाळ्या चालवल्या तर हाच आकडा निम्म्यावर, ३४७ वर येतो. तेव्हा प्रश्न हा की, दोन पाळ्या पुरेल इतके काम, आणि तेही या यंत्राला शोभेल असे अवघड काम, माझ्याकडे आहे काय? साधे वॉशर आणि बुश या यंत्रावर करणे म्हणजे घोड्याला गाढवाचे ओझे देणे होय. ते आमचे जुने लेथ आजही करतात. आम्ही ते विकले नाही.

आणखी काही खर्च कोटेशनमध्ये ठळक दिसत नाहीत. फिरत्या टूलांचे होल्डर महाग असतात. व्होल्टेज स्थिर ठेवणारा स्टॅबिलायझर वेगळा. आणि कॅम सॉफ्टवेअर घेतले, तर त्यातून निघणारा प्रोग्राम आपल्याच यंत्राला समजेल असा पोस्ट-प्रोसेसर वेगळा करून घ्यावा लागतो. यात आमचे दोन महिने गेले. शिवाय दहा लेथांपैकी एक बंद पडले तर नऊ चालतात, हे यंत्र बंद पडले की सगळेच बंद. सर्व्हिस इंजिनिअर किती तासांत येतो, हे मी आता किमतीच्या आधी विचारतो.

पैशाविषयी एक शब्द. कर्ज आणि व्याज याबाबत आपल्यात वेगवेगळी मते आहेत आणि त्यावर निवाडा देण्याचा माझा अधिकार नाही. मी बँकेचे कर्ज घेतले. माझ्या एका चुलतभावाने कर्ज न घेता तिघांच्या भागीदारीत जुने सीएनसी घेतले, नफातोटा वाटून. त्याला वेळ जास्त लागला, पण तो रात्री शांत झोपला. मी झोपलो नाही. २०१९ साली वाहन उद्योगाला मंदी आली आणि २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी. रिझर्व्ह बँकेने सहा महिने हप्ते पुढे ढकलण्याची सवलत दिली, पण व्याज थांबले नाही. पाठीशी जुन्या लेथवरची पंपांची दुरुस्ती होती म्हणून तरलो. ज्यांना तारण नाही त्यांच्यासाठी सूक्ष्म व लघु उद्योगांच्या कर्जाला हमी देणारा ट्रस्ट २००० सालापासून आहे, बँकेत त्याची चौकशी जरूर करा. पण हमी ही बँकेला असते. हप्ता आपल्यालाच भरावा लागतो.

आता दोन फजित्या सांगतो. पहिली माझी स्वतःची. यंत्र येऊन महिना झाला होता. आमच्या कंट्रोलवर आकड्यापुढे दशांशचिन्ह दिले नाही, तर तो आकडा मिलिमीटर न धरता मायक्रॉन धरला जातो. मी घाईत एक्स ५० लिहिले, टिंब राहिले. यंत्राला वाटले ०.०५० मिलिमीटर व्यासावर जा. ते गेले. टूल सरळ जॉबच्या पोटात घुसले, मोठा आवाज झाला आणि टरेट जागेवरून सरकला. पंधरा दिवस यंत्र बंद, दुरुस्तीचा खर्च वेगळा. एका टिंबाची ही किंमत. शाळेत टिंब चुकले तर अर्धा गुण जातो आणि आपण बाईंशी भांडतो. तेव्हापासून नवा प्रोग्राम आधी पडद्यावर फिरवून पाहायचा, मग जॉबपासून दूर हवेत चालवायचा, मग वेग अगदी कमी करून आणि बोट थांबवण्याच्या बटणावर ठेवून पहिला नग घ्यायचा, हा आमच्याकडे नियम आहे. मालकालाही तो लागू आहे.

दुसरी हकिगत जास्त महत्त्वाची. आमचे प्रोग्राम माझी भाची करते. तिने दहावीनंतर पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा मेकॅनिकल डिप्लोमा केला. ती आली तेव्हा आमचे जुने कारागीर चाचा, अब्बांच्या वेळचे, नाराज झाले. ते मला म्हणाले, "बेटा, चाळीस वर्षे या हातांनी काम केले. आता ही पोर बटण दाबणार आणि मी झाडू मारणार काय?" मला उत्तर सुचले नाही. ते यंत्राच्या बाजूला फिरकेनासे झाले.

मग एका ग्राहकाकडून पातळ भिंतीच्या १२० रिंगा परत आल्या. शेरा होता, गेज आत जात नाही. भाचीने पुन्हा सगळ्या मोजल्या. आमच्या बोअर गेजवर एकूण एक बरोबर. ती रडकुंडीला आली. तिचा प्रोग्राम बरोबर, मोजमाप बरोबर, आणि माल नापास. ग्राहकच खोटे बोलतो असे मलाही वाटू लागले. चाचा जेवणाच्या सुट्टीत आले, एक रिंग उचलली आणि बोअर न मोजता भिंतीची जाडी मोजू लागले. एका ठिकाणी पातळ, मग जाड, मग पातळ. पुऱ्या फेऱ्यात तीन वेळा. म्हणाले, "जिथे चकचे जबडे होते तिथे पातळ आहे. जोरात आवळले आहे." पातळ रिंग तीन जबड्यांत घट्ट दाबली की ती तीन ठिकाणी आत दबते. त्या स्थितीत आपण आतून गोल कापतो. जबडे सोडले की रिंग पूर्वस्थितीवर येते आणि आतले गोल बिघडून तीन पाकळ्यांचे होते. आमचे बोअर गेज समोरासमोर दोनच ठिकाणी टेकते. तीन पाकळ्यांच्या भोकात एका बाजूला उंचवटा आला की समोर खोलगट येतो, म्हणून प्रत्येक वेळी माप सारखेच भरते. गोल गेज मात्र आत जात नाही. संगणकाच्या पडद्यावर रिंग कधीच दबत नाही, म्हणून पडद्यावर हा दोष दिसणे शक्य नव्हते.

चाचांनी रुंद नरम जबडे त्याच रिंगेच्या व्यासाला बोअर करून घेतले, म्हणजे ते तीन ठिकाणी न टोचता जवळजवळ सगळीकडून धरतात. चकचा दाब कमी केला. भाचीने त्याप्रमाणे प्रोग्राम बदलला, शेवटचा कट हलका ठेवला. नवीन १२० रिंगा पास झाल्या. जुन्या भंगारात गेल्या, त्याचे नुकसान आम्हीच सोसले. त्या दिवसापासून चाचा तिला "इंजिनिअरबाई" म्हणतात, आणि ती जॉब कसा धरायचा हे त्यांना विचारल्याशिवाय प्रोग्राम लिहीत नाही. त्यांना वाचायला चष्मा लागतो, पण टूलची धार गेल्याचे ते आजही आवाजावरून ओळखतात. माझ्या शॉपमध्ये आज माणसे पूर्वीइतकीच आहेत. बर काढणारी दोन मुले मात्र राहिली नाहीत. त्यातील एक जण रात्रशाळेतून दहावी होऊन आयटीआयला टर्नर झाला आणि परत आमच्याकडेच आला. दुसरा कोठे गेला ते मला ठाऊक नाही. त्याला मी काढले, आणि त्याला शिकवण्यासाठी मी काही केले नाही, हे मी आपणापासून लपवीत नाही.

म्हणून दारात आलेल्या त्या वडिलांना माझे उत्तर असे असते. मुलगा आठवीचा असेल तर त्याला शाळेत ठेवा, सुट्टीच्या दिवशी बघायला पाठवा. दहावी झाली की आयटीआयचे टर्नर किंवा मशिनिस्ट, दोन वर्षे. गणित बरे असेल तर पॉलिटेक्निक. छत्रपती संभाजीनगरला इंडो-जर्मन टूल रूम ही सरकारी संस्था आहे, तिचे अभ्यासक्रम चांगले आहेत. मुलगी असेल तरी हेच. या यंत्राला शंभर किलो उचलणारा माणूस नको आहे. ड्रॉइंग वाचणारा, टिंब न विसरणारा आणि चाचांसारख्या माणसाचे ऐकून घेणारा हवा आहे. पगाराविषयी आपण विचाराल. नवशिक्याला सुरुवातीला फार मिळत नाही, गवंड्याचा मदतनीस त्या वर्षी त्याच्यापेक्षा जास्त कमावतो. फरक पडायला तीन-चार वर्षे लागतात, आणि ती तीन-चार वर्षे घरातल्यांनी धीर धरावा लागतो. धीर धरता न आल्याने मध्येच सोडून गेलेली हुशार मुले मी पाहिली आहेत.

मुख्याध्यापकांशी माझे बोलणे झाले आहे. नववी-दहावीच्या मुलामुलींनी चार-चार जणांच्या तुकडीने आमच्या शॉपमध्ये यावे. पायांत पूर्ण झाकलेले बूट हवेत. सैल बाह्या, लोंबती ओढणी, हातातले कडे किंवा अंगठी चालणार नाही, फिरत्या चकला ते कळत नाही. वही आणि पेन्सिल आणावी. चाचा जुने लेथ दाखवतील, भाची नवे यंत्र दाखवील, आणि तो कनेक्टर एकेक नग प्रत्येकाला घरी नेता येईल. नावे शाळेच्या कार्यालयात द्यावीत, पालकांच्या सहीसह.